गाठीला नंबर, वावराला नाव नाही

वर्धा जिल्ह्यातल्या कोरडवाहू एकरात हंगाम बरा गेला तर पाच क्विंटलांच्या आसपास कापूस निघतो. त्यात साधारण ३४ टक्के रुई असते, म्हणजे १७० किलो. आणि १७० किलो रुईची एक गाठ होते. एकर आणि गाठ यांचे गणित इतके सरळ असताना गाठीकडे बोट दाखवून ‘ही अमक्याच्या वावरातली’ असे सांगता यायला हवे. तसे सांगता येत नाही. हिंगणघाट, वर्धा, आर्वी, पुलगाव, देवळी, सिंदी, कोणत्याही बाजारातला कापूस जिनिंगच्या आवारात उतरला की गंजीत मिसळतो आणि पिकवणाऱ्याचे नाव तिथेच संपते.

गाठीला मात्र आता चांगली ओळख मिळाली आहे. भारतीय कापूस महामंडळाने, म्हणजे सीसीआयने, २०२३ पासून आपल्या गाठींवर क्यूआर कोड लावायला सुरुवात केली. गिरणीच्या खरेदीदाराने मोबाइल समोर धरला की ती गाठ कोणत्या भागातल्या खरेदीतली, कोणत्या कारखान्यात कधी बांधली हे त्याला कळते. ‘कस्तुरी कॉटन भारत’ या नावाने भारतीय कापसाची जी नाममुद्रा २०२० मध्ये जाहीर झाली, तीही गाठीवरच्या अशाच कोडवर उभी आहे. हे सारे चांगले आहे आणि फार आधी व्हायला हवे होते. तरी माझे म्हणणे असे की ही साखळी चुकीच्या ठिकाणी सुरू होते. ती जिनिंगच्या फाटकात सुरू न होता बाजार समितीच्या काट्यावर सुरू झाली पाहिजे. आणि तिच्यातून पुढे गेलेली माहिती उलट्या वाटेने शेतकऱ्याच्या हातात परत आली पाहिजे. तसे झाले नाही तर या सगळ्या यंत्रणेतून खरेदीदाराला खात्री मिळेल आणि कापूस पिकवणारा आज आहे तिथेच राहील.

आधी कोड म्हणजे काय ते नीट पाहू, कारण त्याबद्दल गैरसमज पुष्कळ आहेत. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ट्रॉय या गावी एका दुकानात च्युइंगमच्या पुड्यावरचा बारकोड पहिल्यांदा यंत्राने वाचला गेला. त्या आधीच्या वर्षी तिथल्या किराणा व्यापाऱ्यांनी आणि उत्पादकांनी मिळून एकच नमुना ठरवला होता, आणि खरी क्रांती त्या एकमतात होती. रेघा ओढायची कल्पना जुनी होती. १९५२ मध्ये तिचे पेटंटही मिळाले होते. पण प्रत्येकाने आपापल्या रेघा ओढल्या असत्या तर त्यांचा उपयोग आपल्या दुकानापुरता राहिला असता. पुढे हीच पद्धत जगभर एका व्यवस्थेखाली आली. भारतात ते काम जीएस१ इंडिया ही संस्था १९९६ पासून करते. पाकिटावरचा ८९० हा आकडा पाहून माल भारतात बनला असे अनेकजण समजतात. त्याचा अर्थ एवढाच की त्या कंपनीने आपला क्रमांक भारतातल्या संस्थेकडून घेतला आहे. क्रमांक मालाविषयी स्वतः काही बोलत नाही. कुठेतरी ठेवलेल्या नोंदीपर्यंत तो आपल्याला नेतो, आणि ती नोंद खरी असेल तेवढाच तो क्रमांक खरा.

नोंदींची देवाणघेवाण हा या व्यवस्थेचा दुसरा पाय. १९४८ मध्ये बर्लिनची रस्त्याने आणि रेल्वेने होणारी रसद तोडली गेली, तेव्हा विमानांनी माल पोचवताना अमेरिकी लष्करातल्या एड गिल्बर्टच्या लक्षात आले की प्रत्येक विमानाबरोबर वेगळ्या भाषेतले, वेगळ्या रकान्यांचे कागद येत आहेत. त्याने मालाची एकच ठरीव यादी बनवली, जी तारेने वा टेलिफोनवरूनही पाठवता येईल. आज ज्याला ईडीआय म्हणतात, म्हणजे एका संगणकाने दुसऱ्या संगणकाला ठरलेल्या रकान्यांत कागद पाठवायचा आणि माणसाने तो पुन्हा टाइप करायचा नाही, त्याची मुळे तिथे आहेत. आपल्या कस्टम खात्यात ही पद्धत १९९५ पासून रुळत गेली. न्हावाशेवा बंदरातल्या कंटेनरवर २०१६ पासून रेडिओ टॅग लागतात, आणि तो कंटेनर देशात कुठे आहे हे मालकाला घरबसल्या दिसते. आपल्याच जिल्ह्यात सिंदी रेल्वे येथे त्या बंदराचा ड्राय पोर्ट ठरला, तोही याच जाळ्याचे एक टोक म्हणून.

आता कापसाकडे या. बाजारात हर्रास झाला की काटापट्टीवर वजन लिहिले जाते. अडत्याच्या वहीत ते पुन्हा लिहिले जाते. जिनिंगच्या आवक वहीत तिसऱ्यांदा, आणि तिथे ते गंजीत मिसळलेले असते. मग रुईचे वजन, सरकीचे वजन, प्रेसची वही, शंभर गाठींच्या लॉटची चिठ्ठी, प्रयोगशाळेचा अहवाल, ई-वे बिल, आणि शेवटी गिरणीची आवक. एकाच मालाचे वर्णन इतक्यांदा, इतक्या हातांनी, वेगवेगळ्या रकान्यांत. यातल्या शेवटच्या तीनचार नोंदी आता संगणकावर एकमेकींशी बोलतात. पहिल्या तीनचार बोलत नाहीत, आणि शेतकरी त्या पहिल्या नोंदींतच राहतो.

हे आजचे नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाड-नागपूरच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. हिंगणघाटच्या कापसाचे नाव त्याआधीपासूनच चांगल्या देशी कापसांत घेतले जाई. नावाला किंमत आली की नावाखाली दुसरे काही विकणारे येतात. तसेच झाले आणि हलका कापूस मिसळून तो चांगल्याच्या भावाने खपवला जाऊ लागला. मुंबई सरकारने १८६३ मध्ये कापसातली लबाडी रोखण्याचा कायदा केला, तपासनीस नेमले. कायदा टिकला नाही. दोनेक दशकांत तो गेला. त्याने विचारलेला प्रश्न मात्र राहिला: या गाठीत जे आहे त्याची जबाबदारी कोणाची?

त्याचे टिकाऊ उत्तर १९२५ च्या जिनिंग आणि प्रेसिंग कारखान्यांच्या कायद्याने दिले. प्रेसमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाठीवर त्या प्रेसची ठरलेली खूण आणि अनुक्रमांक उमटवायचा. त्याच कायद्याने जिनिंगवाल्यावर वही ठेवण्याची सक्तीही केली: कापूस कोणासाठी पिंजला आणि कोणत्या तारखेला पिंजला. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी कायद्याने दोन वह्या मागितल्या, एक माणसांची आणि एक गाठींची. दोन्ही एकाच आवारात. त्या दोन वह्या एकमेकींना जोडा असे मात्र कोणी म्हटले नाही. आज क्यूआर कोड आला, ब्लॉकचेन आली, तरी जोड लागलेली नाही. सीसीआय शेतकऱ्याचा चुकारा त्याच्या आधार जोडलेल्या खात्यात जमा करते, म्हणजे त्याचे नाव, गाव, वजन, दर तिच्याकडे असतो. गाठीचा तपशीलही तिच्याकडे असतो. एका संस्थेच्या दोन कपाटांत या दोन गोष्टी पडून आहेत.

आणि त्याच १९२५ मध्ये कापसाच्या खुणेविषयी अगदी वेगळा विचार दुसऱ्या एका संस्थेत रुजला. अखिल भारत चरखा संघ त्या वर्षी स्थापन झाला. पुढे त्याचा कारभार सेवाग्रामहून चालला. संघ खादी भांडारांना प्रमाणपत्र देत असे. १९३५ मध्ये गांधीजींनी आग्रह धरला की सूत कातणाऱ्या बाईला जगण्यापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, खादी महाग झाली तरी चालेल. संघाने तो आग्रह स्वीकारला, आणि प्रमाणित खादी म्हणजे जिच्या सुताची रास्त मजुरी चुकती झाली आहे ती खादी, असा अर्थ त्या प्रमाणपत्राला आला. सरकारी कायद्याची खूण खरेदीदाराला सांगत होती की फसवणूक झाली तर कोणाला पकडायचे. चरखा संघाची खूण सांगत होती की हे करणाऱ्या हाताला काय मिळाले. वर्धा जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाने आज गाठीवरच्या कोडकडे पाहताना या दोन खुणांपैकी आपल्याला कोणती हवी हे विचारले पाहिजे. मला दोन्ही हव्या आहेत, आणि तंत्राच्या दृष्टीने दोन्ही एका क्रमांकात मावतात.

हे स्वप्नरंजन नाही हे अमेरिकेच्या कापसावरून दिसते. तिथे प्रत्येक गाठीला बारा आकडी कायमचा क्रमांक असतो: पाच आकडे जिनिंगचे, सात गाठीचे. गाठीतून काढलेला नमुना त्याच क्रमांकानिशी कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत जातो, तिथे यंत्रावर धाग्याची लांबी, ताकद, जाडी, रंग मोजला जातो आणि निकाल संगणकावरून परत येतो. तो निकाल शेतकऱ्यालाही मिळतो. कारण त्याचा कापूस जिनिंगमध्ये वेगळा ठेवून वेगळा पिंजलेला असतो, आणि त्याच्या गाठी त्याच्या नावावर असतात. चांगल्या धाग्याचे पैसे त्यालाच मिळतात. क्रमांक वावरापासून निघाला म्हणून पैसा वावरापर्यंत परत जातो.

आपल्याकडे कापसाचा भाव नजरेने ठरतो. व्यापारी मूठभर कापूस हातात घेतो, बोंडाची कवडी पाहतो, धागा ओढून लांबी अजमावतो, ओलाव्याचे यंत्र खुपसतो. या पारख्यांच्या बोटांत मोठे कौशल्य असते आणि मी ते कमी लेखत नाही. पण कापसाची खरी किंमत ज्यात आहे तो रुईचा उतारा, म्हणजे कापसातली रुईची टक्केवारी, बोटांना कळत नाही आणि शेतकऱ्याला तर आयुष्यात कधीच कळत नाही. उतारा एक टक्क्याने वाढला म्हणजे क्विंटलमागे एक किलो सरकीच्या जागी एक किलो रुई. रुई १५० रुपये किलो आणि सरकी ३५ रुपये किलो धरली, तर ३३ टक्के उताऱ्याच्या कापसात आणि ३६ टक्के उताऱ्याच्या कापसात क्विंटलमागे ३४५ रुपयांचा फरक पडतो. एकरी पाच क्विंटलांत १,७२५ रुपयांचा. ओलाव्याचे तसे नाही: सीसीआयच्या नियमात ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव आणि १२ टक्क्यांपर्यंत कपात, हे प्रत्येक गावकऱ्याला पाठ आहे, कारण ते त्याच्यासमोर मोजले जाते आणि त्याच्या खिशातून कापले जाते. जे त्याच्या बाजूचे आहे ते मोजलेच जात नाही. शास्त्रज्ञ डॉ. चारुदत्त मायी यांच्यासारख्यांनी उताऱ्यावर भाव ठरावा असे सांगितले आहे. त्याला नकार देताना नेहमी एकच कारण पुढे येते: एकेका शेतकऱ्याचा उतारा कोण आणि कसा मोजणार?

या कारणात तथ्य आहे, म्हणून ते बाजूला सारता येणार नाही. अमेरिकेतला एक शेतकरी शेकडो एकरांचा कापूस आणतो, आपला चार एकरांचा. जिनिंग चालवणाऱ्याने प्रत्येक वीस क्विंटलांसाठी यंत्रे थांबवली, झाडली, पुन्हा चालवली तर त्याचा दिवस त्यातच जाईल आणि तो खर्च शेवटी शेतकऱ्याच्याच भावातून निघेल. पण दोन मार्ग आहेत. पहिला, बाजारात दोनचार किलोंचा नमुना लहान प्रयोगशाळेच्या जिनवर पिंजून तिथल्या तिथे उतारा काढणे. नागपूरला सिरकॉट या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र १९८५ पासून आहे. या कामातले ज्ञान आपल्याला शंभर किलोमीटरांच्या आत उपलब्ध आहे. दुसरा मार्ग गावाचा. शंभर गाठींचा एक लॉट म्हणजे पाचशे क्विंटल, म्हणजे साधारण शंभर एकर, म्हणजे पंचवीसतीस कुटुंबे. एका गावातल्या तेवढ्या कुटुंबांनी एकच वाण लावला आणि कापूस एकत्र आणला, तर त्यांची गंजी वेगळी पिंजता येते. राज्याच्या स्मार्ट प्रकल्पात ‘एक गाव, एक वाण’ धरून शेतकऱ्यांच्या गटांनी स्वतःच्या गाठी करून विकण्याचा प्रयोग याच दिशेचा आहे. तिथे क्रमांक व्यक्तीचा नसला तरी पंचवीस ओळखीच्या माणसांचा असतो, आणि निकाल त्यांच्यात वाटून घेता येतो.

निकाल वाटून घेण्याची ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. १९७२ पासून तीन दशके आपल्या राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी योजना होती. तिच्याबद्दल आज चांगले बोलणारे कमी आहेत, आणि तिचा तोटा, तिचे रखडलेले चुकारे आठवले की ते का हेही कळते. तिच्यातली एक कल्पना मात्र मोलाची होती: कापूस विकल्यावरही शेतकऱ्याचा त्या मालाशी संबंध राहतो, रुई विकून नफा झाला तर त्याचा वाटा त्याला मिळावा. कागदाच्या पावत्यांवर ते पेलले नाही. आज ते पेलण्याची साधने आहेत आणि ती कल्पनाच आपण विसरलो आहोत.

आता सर्वांत अवघड भागाकडे येतो. साखळीतली पहिली नोंदच खोटी असेल तर पुढचे सगळे कोड खोट्याला खऱ्याचे कपडे चढवतात. ऑक्टोबर २०२० मध्ये सेंद्रिय कापडाची जागतिक मानके सांभाळणाऱ्या गॉट्स या संस्थेने जाहीर केले की भारतातला २०,००० टन कापूस खोट्या प्रमाणपत्रांवर सेंद्रिय म्हणून खपवला गेला. त्या प्रमाणपत्रांवर क्यूआर कोड होते. ते वाचले की सरकारी संकेतस्थळासारखेच दिसणारे बनावट संकेतस्थळ उघडत होते. तपासणारा तपासत होता, आणि फसत होता. २०२३ च्या जूनमध्ये वर्ध्यालगत म्हसाळ्याला कपाशीच्या बोगस बियाण्याचा कारखानाच पोलिसांना सापडला. तिथेही पाकिटे छापलेली आणि देखणी होती. छापता येणारी कोणतीही गोष्ट नक्कल करता येते. नक्कल थांबते ती एकमेकांना जोडलेल्या, वेगवेगळ्या माणसांनी ठेवलेल्या नोंदींमुळे: एका गावात पेरा किती, काट्यावर आलेला कापूस किती, गाठी किती. हे तीन आकडे जुळले नाहीत तर संगणक ओरडेल, आणि तो ओरडावा यासाठीच पहिला आकडा काट्यावरचा हवा.

पण पहिली नोंद खोटी होते ती नेहमी लबाडीनेच असे नाही. कधी व्यवस्थाच माणसाला खोटे बोलायला लावते. सीसीआयला हमीभावाने कापूस द्यायचा तर २०२५ च्या हंगामापासून ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी हवी, सातबारावर कपाशीचा पेरा हवा. मक्त्याने वावर करणाऱ्याच्या नावावर सातबारा नसतो. मक्ता तोंडी असतो, कारण लेखी करार केला की जमीन जाईल अशी मालकाला भीती असते. नवरा गेल्यावर शेती सांभाळणाऱ्या, पण फेरफार न झालेल्या बाईच्या नावावरही तो नसतो. मग मक्तेदार मालकाच्या नावाने कापूस विकतो, किंवा खेडा खरेदीवाल्याला कमी भावात देतो आणि तो व्यापारी दुसऱ्याच कोणाचा सातबारा लावून तोच कापूस हमीभावाने घालतो. पडद्यावर सगळे व्यवस्थित दिसते: नाव आहे, आधार आहे, पेरा आहे. घाम गाळलेला माणूस तेवढा नाही. जो क्रमांक जमिनीच्या मालकीला चिकटवला जातो तो शेती करणाऱ्याला साखळीतून बाहेर काढतो, आणि क्रमांक जितका पक्का तितकी ही हकालपट्टी पक्की. म्हणून मी म्हणतो की मक्त्याची नोंद हा कोडचाच प्रश्न आहे, महसूल खात्याचा वेगळा विषय म्हणून तो सोडता येणार नाही.

वेचणीचेही तेच. कापसात प्लास्टिकचा दोरा, केस, पाचोळा किती येतो हे वेचणाऱ्या बाईच्या हातावर आणि तिला दिलेल्या झोळीवर ठरते. गिरणीच्या दृष्टीने गाठीचा मोठा दोष हाच. तरी बाईला पैसे किलोवर मिळतात, स्वच्छतेवर नाही. ती भरभर वेचणार, कारण तिला घर चालवायचे आहे. स्वच्छ कापसाला गाठीवर जो जास्त भाव मिळतो त्यातला एक पैसा तिच्यापर्यंत येत नाही. चरखा संघाने कातणाऱ्या बाईबद्दल जो प्रश्न विचारला तोच आज वेचणाऱ्या बाईबद्दल विचारायला हवा, आणि गटाच्या गंजीला वेगळा क्रमांक असेल तर त्या गटाला स्वच्छ वेचणीचा वाढीव दर देणे परवडते. आज कोणत्याही एका शेतकऱ्याला ते परवडत नाही, कारण त्याची स्वच्छ वेचणी शेजाऱ्याच्या कचऱ्यात मिसळणार हे त्याला माहीत आहे.

बाहेरचे जग थांबणार नाही. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या युरोपीय संघाच्या कायद्याने वस्तूंसाठी डिजिटल पासपोर्टची तरतूद केली आहे आणि कापड तिच्या पहिल्या रांगेत आहे. अमेरिकेने २०२१ मध्ये चीनच्या शिनजियांगमधल्या कापसाचा माल अडवायला सुरुवात केल्यापासून कपडे विकणाऱ्या कंपन्या कापूस कुठला हे विचारतात. हे प्रश्न पुढच्या काही हंगामांत जिनिंगच्या फाटकापर्यंत येतील. त्यांची उत्तरे देण्याचा खर्च कोणावर पडेल आणि उत्तरांचा फायदा कोणाला होईल हे आत्ता ठरते आहे, आणि ते ठरवणाऱ्या बैठकांत हिंगणघाटचा शेतकरी नाही.

सुरुवात मोठी करायची गरज नाही. बाजार समितीने काटापट्टीवर एक वाचता येणारा क्रमांक छापावा, जिनिंगने तो गंजीच्या क्रमांकाला जोडावा, आणि गंजी पिंजून झाल्यावर तिचा उतारा आणि गाठींचा प्रयोगशाळेचा निकाल आठ दिवसांत त्या प्रत्येक काटापट्टीच्या धन्याला मोबाइलवर, मराठीत, कळवावा. गंजीत चाळीस शेतकरी असतील तर चाळिसांना एकच सरासरी कळेल. तरी ती आजवर त्यांना कधीच कळलेली नाही. दोन हंगाम हे आकडे गावात फिरले की कोणत्या वाणाला उतारा पडतो, कोणत्या जिनिंगमध्ये तो नेहमी कमी भरतो, हे लोक स्वतः ताडून पाहतील आणि कोणाबरोबर गंजी लावायची हे स्वतः ठरवतील. काट्यावर नाव लिहिताना मात्र समितीच्या माणसाने सातबाऱ्याच्या आधी एवढे विचारावे की हे वावर यंदा कोणी केले, आणि ते नाव लिहून घेण्याची मुभा त्याला नियमाने असावी.